कालवा दोडामार्गात फुटतो, नळ म्हापशात आटतो

तिळारीच्या कालव्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक सात पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र केली आहेत.

धरण काठोकाठ भरलेले असते आणि तरी आमचे नळ कोरडे. कालवा फुटला की लगेच पाणीबाणी का? पाणी दुसरीकडून आणता येत नाही का? (वाचक, म्हापसा)

आणता येते, पण थोडे आणि थोडेच दिवस.

तिळारी प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा यांचा सामाईक. करार १९९० सालचा. धरण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आहे, ७३ मीटर उंचीचे, मातीचे. पाण्यात गोव्याचा वाटा जवळजवळ तीन चतुर्थांश आहे. धरणातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. त्यांचा वरचा भाग महाराष्ट्रात आणि शेपूट गोव्यातल्या पेडणे, डिचोली, बार्देशात. वर फुटले की त्रास खाली होतो, तो यामुळे.

खरी अडचण मात्र नकाशात नाही, वापरात आहे. कालवा आखला गेला मुख्यतः शेतीसाठी. शेतीचा कालवा पाळीने चालतो: इतके दिवस पाणी, मग बंद, मग पुढचे आवर्तन. बंद असताना दुरुस्ती करता येते आणि पीक चार दिवस थांबते. आता त्याच कालव्यावर अस्नोड्याचे जलशुद्धीकरण केंद्र, म्हणजे म्हापशासह बार्देश तालुक्याची घरे, हॉटेले आणि थिवी, करासवाड्याच्या औद्योगिक वसाहती अवलंबून आहेत. शहर आणि कारखाना पाळी पाळत नाहीत. वर्षाचे ३६५ दिवस चालवायचा कालवा आखताना सोबत साठवण, पर्यायी वाट आणि भागाभागाने बंद करता येतील अशी दारे लागतात. शेतीच्या कालव्याला हे सगळे कमी असले तरी चालते.

कालवा बंद पडला की अस्नोड्याला आमठाणे धरणाचा आधार असतो. आमठाणे लहान आहे. थोड्या दिवसांचा खोळंबा ते भरून काढते, लांबलेला नाही.

आमची पोफळीची बाग कालव्याच्या भरावाखाली आहे. दोन वर्षांपासून पायथा ओला राहतो, झाडे पिवळी पडताहेत. भराव फुटण्याचे हे लक्षण आहे का? आणि एकदा दुरुस्त केलेल्या जागीच तो पुन्हा का फुटतो? (बागायतदार, साळ)

ओला पायथा म्हणजे फुटणारच असे नाही. पाणी कसे आहे ते पाहा.

पाझर एका जागी जमतो तिथे हातभर खड्डा करून त्यात बारीक नळी बसवा आणि १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते दर आठवड्याला त्याच वारी, कालव्यात पाणी साधारण त्याच पातळीला असताना लिहून ठेवा. बादलीतले पाणी काचेच्या ग्लासात घेऊन रात्रभर ठेवा. पाणी स्वच्छ आणि वेळ तोच, तर तो नेहमीचा पाझर. बादली भरायची वेळ १० मिनिटांवरून ६ वर आली, किंवा ग्लासाच्या तळाला मातीचा थर बसू लागला, तर वही घेऊन त्याच दिवशी कालव्याच्या उपविभागीय कार्यालयात जा. गढूळ पाझर म्हणजे पाणी आतून माती घेऊन निघाले आहे. ते आत पोकळी करत मागे मागे सरकते आणि एका रात्री पोकळी कालव्याच्या पाण्याला जाऊन भिडते. मग भगदाड पडायला तास-दोन तास पुरतात.

हे बहुतेक वेळा मोरीजवळ, जलसेतूच्या टोकाशी, विमोचकाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) भिंतीला लागून होते. काँक्रीट आणि माती जिथे भेटतात तिथे रोलर पोचत नाही. माती सैल राहते आणि पाणी भिंतीला चिकटून वाट काढते. शिवाय आपल्याकडे वर जांभा आणि खाली शेडी माती. शेडी कोरडी असताना कुदळीला दाद देत नाही, भिजली की साबणासारखी. खोदाईतून निघालेली शेडी भरावात गेली असेल तर ती जागा कायमची कच्ची. खेकड्यांची आणि उंदरांची बिळे, भरावावर वाढू दिलेल्या झाडांची मुळे ही पुढची कारणे. पावसात डोंगराकडचे पाणी नेणारी मोरी पालापाचोळ्याने तुंबली की ओहोळ थेट कालव्यात उतरतो आणि पाणी काठावरून जाते. मातीच्या भरावाला तेवढे पुरते.

गढूळ झरा सापडला तर तो बंद करू नका. अंगात जोर येतो तो नेमका हेच करायला: चिकणमाती ठोकायची, प्लास्टिक टाकायचे. पाणी दुसरीकडून फुटते आणि आतला दाब वाढतो. झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांचा, विहिरीच्या कट्ट्यासारखा गोल करावा म्हणजे आत पाणी चढून उलटा दाब येतो. आत आधी जाड वाळूचा १५ सेंटीमीटर थर, त्यावर तेवढीच बारीक खडी, त्यावर मोठी खडी. पाणी जाईल, माती राहील. हा तात्पुरता उपाय आहे. तोवर वरून कालव्याची पातळी उतरवायला हवी, आणि ते काम खात्याचे.

बागेसाठी स्वतंत्र उपाय करा. भरावाच्या पायथ्यापासून निदान तीन मीटर सोडून मीटरभर खोल चर काढा, तळाला वाळू आणि खडी घाला आणि त्याला ओहोळाकडे उतार द्या. पायथ्यालाच खणू नका, भरावाचा आधार जातो. खात्याला कळवून, त्यांच्या माणसासमोर जागा आखून घ्या.

आता त्याच जागी पुन्हा फुटण्याबद्दल. नळ बंद असतात, वर्तमानपत्रे रोज विचारतात, मग जेसीबीने मुरूम ओतून भोक बुजवले जाते. हा मुरूम सैल असतो आणि जुन्या मातीशी त्याचा सांधा जुळत नाही. नीट करायचे तर आधी सगळा चिखल काढावा लागतो. भगदाडाच्या उभ्या कडा पायऱ्यांसारख्या कापाव्या लागतात म्हणजे नवी माती जुन्यात अडकून बसते. माती १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांनी घालून प्रत्येक थर दाबायचा. ओलावा हाताने कळतो: मूठभर माती दाबली की लाडू झाला पाहिजे, टिचकी मारली की फुटला पाहिजे. लाडू होत नसेल तर माती कोरडी, हाताला चिकटत असेल तर जास्त ओली. चार मीटर उंचीचा भराव म्हणजे असे २० ते २७ थर. एका रात्रीत तो होत नाही, आणि झाल्याचे सांगितले तर विश्वास ठेवू नये.

आणखी एक नुकसान बाहेरून दिसत नाही. अस्तरीकरण केलेल्या, म्हणजे आतून काँक्रीटचे अस्तर लावलेल्या कालव्याचे पाणी उतरवताना ते तासाला १५ सेंटीमीटर आणि दिवसाला ३० सेंटीमीटरपेक्षा वेगाने उतरवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. अस्तरामागच्या मातीतले पाणी निचरायला वेळ लागतो. म्हणजे दीड मीटर पाणी शिस्तीने उतरवायला पाच दिवस. कालवा फुटतो तेव्हा हेच पाणी दोन तासांत जाते, मागचे पाणी अस्तराला आतून ढकलते आणि भगदाडापासून वर कितीतरी अंतरापर्यंत काँक्रीटची तावदाने फुगतात, तडकतात. भोक बुजते, तावदाने तशीच राहतात. पुढच्या वर्षीचा पाझर तिथून सुरू होतो.

कालव्यात किती पाणी वाहते ते मुलांना प्रात्यक्षिक म्हणून मोजता येईल का? (शिक्षक, पेडणे)

येईल. पूल असलेली सरळ जागा निवडा, मुलांना कठड्याआड ठेवा आणि कोणालाही पाण्याजवळ जाऊ देऊ नका. अस्तराचा उतार शेवाळलेला असतो, आत पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही.

काठावर ३० मीटरवर दोन खुणा करा. वरच्या खुणेच्या आधी सुका असोला नारळ सोडा. थर्माकोल नको, वारा त्याला पळवतो. खुणेपासून खुणेपर्यंत लागलेला वेळ तीनदा मोजून सरासरी काढा. समजा ३६ सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला ०.८३ मीटर. हा पृष्ठभागाचा वेग. तळाशी आणि कडेला पाणी रेंगाळते, म्हणून ०.८५ ने गुणा: ०.७१ मीटर.

आता क्षेत्रफळ. उदाहरणादाखल एक कालवा घेऊ: तळरुंदी २ मीटर, पाण्याची खोली दीड मीटर, बाजूउतार दीडास एक, तळाला पाच किलोमीटरमागे एक मीटर उतार. प्रवाहाचे क्षेत्रफळ ६.४ चौरस मीटर येते. त्याला वेगाने गुणले की सेकंदाला साधारण ४.५ घनमीटर. एक घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे दिवसाला ८६.४ दशलक्ष लिटर, तेव्हा हा प्रवाह सुमारे ३९० एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन) झाला.

मुलांना पुढचा भाग जास्त आवडेल. याच कालव्यात गवत आणि शेवाळ माजले तर काँक्रीटच्या खरखरीतपणाचा आकडा (मॅनिंगच्या सूत्रातला n) ०.०१८ वरून ०.०३० च्या घरात जातो. खोली तीच, उतार तोच, पण वेग ०.४३ मीटरवर येतो आणि प्रवाह २३५ एमएलडीवर. चाळीस टक्के पाणी नुसत्या गवताने खाल्ले. वरून तेवढेच पाणी सोडत राहिलो तर पातळी चढते आणि काठावरून जाते. स्वच्छ कालव्यात पाणी २५ किलोमीटर साधारण दहा तासांत जाते, गवताळ कालव्यात सोळा.

नळ बंद असले की आम्ही टँकर मागवतो. पाणी कधी गढूळ, कधी खारट. किती साठा ठेवावा आणि हे पाणी वापरण्यासारखे कसे करावे? (लघुउद्योजक, थिवी औद्योगिक वसाहत)

साठ्याचा हिशेब भगदाडाच्या वेळापत्रकावरून करा. पाणी उतरून चिखल काढायला एक दिवस, भराव घालायला किमान दोन, कालवा पुन्हा भरून शुद्धीकरण केंद्र पूर्ण क्षमतेने चालायला एक, आणि वाहिनीच्या टोकाला दाब यायला आणखी एक. पाच दिवस, तेही सगळे सुरळीत झाले तर. रोज ६० घनमीटर लागत असेल तर ३०० घनमीटर, म्हणजे १० बाय १० मीटरची, तीन मीटर पाण्याची टाकी. तिचे दोन कप्पे करा. एक धुवायला काढला तरी दुसरा चालू राहतो. अग्निशमनाचा साठा यात धरू नका, तो वेगळा.

पावसाचे पाणी साठवा असे सगळे सांगतात. हिशेब असा: २००० चौरस मीटर छप्पर, वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातले ८० टक्के हाती लागले तर ४८०० घनमीटर. ८० दिवसांची गरज. पण तो पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि तुमची टाकी ३०० ची. पावसाळ्यात नळाचे बिल वाचेल. एप्रिलात कालवा फुटला तर त्या पाण्याचा उपयोग नाही. यासाठी वेगळी टाकी बांधायच्या फंदात पडू नका, छपराची पन्हळी आहे त्याच टाकीला जोडा आणि पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडायची सोय ठेवा.

टँकर आला की पाणी उतरवण्याआधी विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा टीडीएस मीटर बुडवा. सह्याद्रीच्या उतारावरून आलेले धरणाचे पाणी सहसा १०० च्या आत असते. मीटर ५०० किंवा ८०० दाखवत असेल तर टँकर कालव्यावर भरलेला नाही, खाडीजवळच्या विहिरीवर भरला आहे. बॉयलर असेल तर तो परत पाठवा.

गढूळ पाण्यासाठी तुरटी, पण अंदाजाने नाही. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात घातला की १० मिलिग्रॅमची मात्रा होते. लिटरभर गढूळ पाण्याच्या सहा बरण्या मांडा आणि १, २, ३, ४, ५, ६ मिलिलिटर घाला. मिनिटभर जोरात ढवळा, मग १५ ते २० मिनिटे अगदी हळू, आणि अर्धा तास सोडा. ज्या बरणीत सर्वांत कमी तुरटीने पाणी निवळले ती मात्रा टाकीसाठी धरा. ४० मिलिग्रॅम निघाली तर १० घनमीटरच्या टाकीला ४०० ग्रॅम.

इथे कोकणपट्टीची एक खोड आहे. आपले पाणी मऊ, त्यात क्षारता कमी. तुरटीचा प्रत्येक मिलिग्रॅम अर्धा मिलिग्रॅम क्षारता खातो. पाण्यात मुळात २० मिलिग्रॅम असेल तर ४० च्या मात्रेला ती संपते, पाणी आम्ल होते आणि मग कितीही तुरटी घाला, गोळेच धरत नाहीत. पाणी दुधट राहते आणि लोक आणखी तुरटी ओततात. सहाही बरण्या दुधट राहिल्या तर तुरटीच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश विरलेला चुना आधी घालून पुन्हा करून पाहा. सामू (पीएच) ६.५ ते ७.५ च्या दरम्यान हवा. त्याचे कागद प्रयोगशाळेच्या दुकानात मिळतात.

ही प्रक्रिया धुणे, थंड करणे, शौचालय यांसाठी. पिण्यासाठी गाळण आणि क्लोरीन वेगळे, आणि खाद्यपदार्थांचा कारखाना असेल तर पाणी तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

कालव्याऐवजी बंद नळवाहिनी टाकली तर प्रश्न सुटेल ना? औद्योगिक भागाला कालव्याने पाणी दिल्याची परदेशातली उदाहरणे कशी आहेत? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी)

सगळ्या पाण्यासाठी नाही, शहर आणि उद्योगांच्या पाण्यासाठी बऱ्याच अंशी. १०० एमएलडी धरा. सेकंदाला दीड मीटर वेगाने न्यायचे तर एक मीटर व्यासाची वाहिनी पुरते, पण घर्षणात किलोमीटरला सुमारे दोन मीटर उंची जाते, २५ किलोमीटरला पन्नास. वरच्या उदाहरणातला कालवा तेवढ्या अंतरात फक्त पाच मीटर उतरतो. व्यास १.४ मीटर केला तर वेग निम्म्यावर येतो आणि घर्षणाचा तोटा नऊ-दहा मीटरच्या आसपास. पोलाद जास्त लागेल, पण एवढी उंची धरणाच्या पाण्यातून मिळाली तर पंप लागणार नाही. आमच्या मते मोठा व्यासच परवडतो. विजेचे बिल दर महिन्याला येते.

दक्षिण गोव्यात साळावलीचे पाणी शेळप्याच्या केंद्रात शुद्ध होऊन वाहिन्यांनीच मडगाव, वास्कोकडे जाते. तिथे कालव्याचे भगदाड नाही, पण मुख्य वाहिनी फुटली की मुरगावचेही नळ बंदच. फरक असा की वाहिनीचा तुकडा दोन झडपांमध्ये बंद करून बदलता येतो आणि तयार तुकडा गोदामात ठेवता येतो. भरावाचा तुकडा गोदामात ठेवता येत नाही.

परदेशातली दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. युक्रेनमधला सिवेर्स्की दोनेत्स–दोनबास कालवा १९५० च्या दशकात कोळसा आणि पोलादाच्या पट्ट्यासाठी बांधला. लांबी सुमारे १३० किलोमीटर. नदी खाली आणि शहरे उंचावर, म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवावे लागते. कझाकस्तानचा इर्तिश–करागांडा कालवा साडेचारशे किलोमीटरहून लांब, २२ पंपगृहांचा. काम १९६२ मध्ये सुरू झाले. त्यावर एकिबास्तुझ, तेमिरताऊ, करागांडा ही खाणी आणि पोलादाची शहरे उभी आहेत.

दोन्हींकडे वाटेत जलाशय आहेत. पंप बंद पडला तरी पुढची शहरे काही काळ तग धरतात. दोनबासमध्ये २०२२ च्या युद्धात पंपगृहांचे आणि कालव्याचे नुकसान होऊन पुरवठा थांबला, आणि जलाशयांची मर्यादा तेव्हा दिसली: ते दिवस भरून काढतात, वर्षे नाही. दोनेत्स्क शहराला ठरावीक दिवशी, ठरावीक वेळ पाणी अशी पाळी आली. तिळारीचे पाणी गुरुत्वाने उतरते, विजेवर अवलंबून नाही. ही आपली मोठी सोय. उणीव आहे ती वाटेतल्या जलाशयांची. कालव्याच्या शेपटाला, अस्नोड्याच्या वरच्या अंगाला, दहा दिवसांचा साठा असता तर या पानावरची निम्मी पत्रे आली नसती. १०० एमएलडीला दहा दिवस म्हणजे दहा लाख घनमीटर. पाच मीटर खोलीचा तलाव धरला तर २० हेक्टर जागा. जागा मिळणे हेच यातले अवघड काम.

पाऊस संपतो, वायंगणाची (हिवाळी भाताची) तयारी सुरू होते आणि नेमका तेव्हाच कालवा दुरुस्तीला बंद. आधी का करत नाहीत? (शेतकरी, डिचोली)

पावसात अस्तराबाहेरच्या जमिनीत पाणी वर आलेले असते. तेव्हा कालवा रिकामा केला तर तावदाने आतून उचलली जातात. डोंगरातून येणारा गाळही पाऊस थांबेपर्यंत येतच राहतो. म्हणून गाळ काढणे, गवत कापणे, सांधे भरणे, दारांना वंगण हे सगळे पावसानंतरच. उशीर होतो तो बहुतेक वेळा निविदेमुळे. काम ऑगस्टमध्ये ठरलेले असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होऊन तुमच्या लावणीआधी संपू शकते. शेतकरी संघाने पत्र पाठवायचे तर ते जुलैत पाठवावे. नोव्हेंबरातल्या पत्राचा उपयोग पुढच्या वर्षी.

म्हशी कालव्यात उतरवल्याने खरेच काही बिघडते का? आणि छोटा पंप लावून पाणी उचलले तर? (वाचक, दोडामार्ग)

बिघडते. अस्तराची जाडी सहसा ७५ ते १०० मिलिमीटर असते. म्हैस तावदानाच्या कडेवर पाय देते, कड तुटते, पाणी मागे शिरते. जनावरांसाठी बांधलेला उतार असेल तर तिथूनच उतरवा. नसेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावाने मागा, ती मागणी रास्त आहे.

पंपाला परवानगी लागते. परवानगी असली तरी पाइप काठ फोडून आरपार घालू नका, काठावरून घाला. काठात घातलेल्या पाइपाच्या कडेने पाणी झिरपू लागते, आणि साळच्या बागायतदारांना दिलेले उत्तर मग तुम्हालाही लागू होते.